इटालियन वाइन: बाटलीआधी छाटणी बघा

तुमचे दोन प्रश्न आहेत. इटालियन बाटलीवर बहुतेक वेळा द्राक्षाचं नावच नसतं, मग निवडायची कशी? आणि तिकडचे शेतकरी एकरी इतकं कमी पीक का धरतात? तुम्ही निफाडच्या बागायतदार घरातले, म्हणून दुसऱ्यापासून सुरू करतो. पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

इटलीच्या वायव्येकडच्या पिमोन्तेतल्या बारोलो या लाल वाइनच्या नियमांनुसार हेक्टरी जास्तीत जास्त 8 टन द्राक्षं घेता येतात, म्हणजे एकरी साधारण सव्वातीन टन. खाण्याच्या द्राक्षाचा एवढाच माल निघाला तर निफाडात बाग तोडायची भाषा सुरू होईल! पण तुमच्या मालाला मोठा, बिनबियांचा, कुरकुरीत मणी लागतो. त्यासाठी घड जीएत (मणी फुगवणारं जिबरेलिक आम्ल) बुडवता. वाइनला नेमकं उलटं हवं. रंग आणि तुरटपणा साल-बियांतून येतो, म्हणून मणी लहान हवा, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. वेलीवर घड कमी ठेवले की आहेत ते नीट पिकतात. मण्यांत रंग उतरायच्या सुमारास चांगले शेतकरी चक्क हिरवे घड कापून जमिनीवर टाकतात. आपल्याकडच्या माणसाला ते बघवत नाही.

दुसरा फरक छाटणीचा. नाशिकला वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) अशा दोन कराव्या लागतात. तिकडे थंडीत पानं झडतात, वेल निपचित पडते आणि हिवाळ्यात एकदाच छाटणी होते. बारोलोच्या टेकड्यांवर गुयो पद्धत दिसेल: गेल्या वर्षीची एकच काडी फुटव्याचे मोजके डोळे राखून तारेवर आडवी बांधायची आणि शेजारी दोन डोळ्यांचा खुंटा ठेवायचा, पुढच्या वर्षीच्या काडीसाठी. वसंतात डोळे फुटतात. तेव्हा उशिराचं दंव पडलं तर वर्षाची वाट लागते; गारपिटीची भीती त्यांनाही आहेच. बारोलोचं नेब्बिओलो हे द्राक्ष तर साधारण ऑक्टोबरात तोडणीला येतं. पाणी बऱ्याच नामांकित भागांत फक्त अडचणीच्या वेळी देता येतं. कलमं मात्र तुमच्यासारखीच अमेरिकन वंशाच्या खुंटांवर. तुम्ही डॉगरीज (असाच एक खुंट) घेतलं ते क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. त्यांना घ्यावं लागलं ते मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीमुळे, जी इटलीत 1879 साली सापडली. भुरी, डाऊनी हे बुरशीचे रोग आणि फवारणीचं बोर्डो मिश्रण याबाबत मात्र तुम्हाला परकं वाटणार नाही.

आता बाटली. 1963 च्या कायद्याने डीओसी ही (जागेच्या नावावर नियंत्रण ठेवणारी) व्यवस्था आली, 1980 पासून तिच्यावरची, जास्त कडक डीओसीजी. प्रत्येक नावामागे एक नियमावली असते: कुठल्या गावांची हद्द, कुठलं वाण, हेक्टरी किती टन, किती महिने मुरवायची. म्हणून बाटलीवर जागेचं नाव पुरतं. बारोलो म्हटलं की निव्वळ नेब्बिओलो आणि किमान 38 महिने मुरवण, त्यातले 18 लाकडात. ब्रुनेल्लो दी मोन्तालचिनो म्हणजे फक्त सांजोवेझे हे द्राक्ष. कियांती क्लासिकोत तेच किमान 80 टक्के.

एक सापळा सांगून ठेवतो. मोन्तेपुल्चानो द’आब्रुत्सो यात मोन्तेपुल्चानो हे द्राक्ष. वीनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो यात ते मध्य इटलीच्या तोस्काना भागातलं गाव, आणि बाटलीत मुख्यतः सांजोवेझे. दुकानदारही गोंधळतात.

प्रोसेक्को या फसफसत्या वाइनची गंमत तर राजकारणाची आहे. पूर्वी द्राक्षालाही प्रोसेक्कोच म्हणायचे, म्हणजे ते वाण लावून कुणीही कुठेही त्या नावाने विकू शकत होता. 2009 मध्ये द्राक्षाचं अधिकृत नाव ग्लेरा केलं. त्रिएस्तेजवळ प्रोसेक्को नावाचं गाव आहे, त्याच्या आधाराने डीओसीची हद्द नऊ प्रांतांत आखली आणि नाव जागेचं करून टाकलं. तिथे हेक्टरी 18 टन चालतात. बारोलोच्या 8 शी ताडून बघा, किमतीतला थोडा फरक तिथेच कळेल.

बाटलीवरचा डीओसीजीचा पट्टा म्हणजे चवीची हमी नव्हे, नियम पाळल्याची हमी. सास्सिकाइया ही तोस्कानातल्या बोल्गेरीची, मुख्यतः काबेर्ने सोव्हिन्यों द्राक्षाची वाइन कित्येक वर्षं नियमांत बसत नव्हती म्हणून कागदोपत्री साधी टेबल वाइन होती, आणि भाव मात्र भल्याभल्या डीओसीजींच्या वर. माझ्या मते नावाइतकंच उत्पादक कोण हे बघावं.

सुरुवात बारोलोने करू नका. महाग असते, आणि कोवळी असताना उकळून कडक झालेल्या कोऱ्या चहासारखी तोंड आवळते. त्यात तिखट रस्सा असेल तर तुरटपणा आणि जळजळ दोन्ही वाढतात. त्यापेक्षा त्याच भागातली बार्बेरा द’आस्ती घ्या: आंबटपणा भरपूर, तुरटपणा कमी, मटणाबरोबर छान जाते. नेब्बिओलोची ओळख करून घ्यायची असेल तर बारोलोच्याच परिसरातली लांगे नेब्बिओलो घ्या, खिशालाही झेपते.

तुम्ही मिलानला असणार आहात, तर बाग बघायला बारोलोजवळच्या आल्बाकडे जा. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणीच्या घाईत कुणाला बोलायला फुरसत नसते. जानेवारी-फेब्रुवारीत आधी फोन करून गेलात तर छाटणी चालू असेल आणि तुमच्यासारख्याला काडी कशी निवडतात हे कुणीही हौसेने दाखवेल.