उसाचं चक्र कुठे पूर्ण होतं?

गाळप हंगाम जवळ आला की ऊस, इथेनॉल आणि चक्रीय अर्थव्यवस्था यांवरचे प्रश्न वाढतात. यंदाच्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

आमच्या भागातला साखर कारखाना स्वतःला ‘शून्य कचरा’ म्हणवतो. उसातलं काहीच वाया जात नाही, हे खरं का?
*— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कराड*

गेटच्या आतला हिशोब बराचसा खरा आहे. एक टन उसात साधारण ७०० किलो पाणीच असतं. गाळपानंतर १०० किलोच्या आसपास साखर, २८० ते ३०० किलो बगॅस (उसाचा चोथा, त्यात निम्मा ओलावा), ४०-४५ किलो मोलॅसिस (साखर काढल्यावर उरणारा काळा पाक) आणि ३०-४० किलो प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) मिळतो. बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्यावर कारखाना चालतो आणि उरलेली वीज ग्रिडला जाते. रस आटवताना निघालेल्या वाफेचं पाणी पुन्हा वापरता येतं. मोलॅसिसपासून अल्कोहोल (म्हणजेच इथेनॉल) होतं, प्रेसमडपासून कंपोस्ट किंवा बायोगॅस.

पण पर्यावरणाचा हिशोब गेटवर थांबत नाही. ऊस शेतातून काय घेऊन आला आणि त्यातलं काय परत गेलं, हे बघायला हवं. इथे उसाची एक विलक्षण गोष्ट आहे. साखर आणि अल्कोहोल यांत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच असतं. हे सगळं हवा-पाण्यातून आलेलं. म्हणजे साखर कितीही विकली तरी त्या पोत्यातून मातीचं काही जात नाही. मातीतून उचललेलं पालाश (पोटॅश), स्फुरद आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं जवळजवळ सगळी मोलॅसिस, प्रेसमड आणि बॉयलरच्या राखेत उतरतात. आपण ज्याला कचरा म्हणतो, तेच शेताचं देणं आहे. ते परत गेलं तर हे चक्र इतर कुठल्याही उद्योगाला हेवा वाटावा इतकं पुरं होऊ शकतं. राख खड्ड्यात गेली, तर शेतकरी तेच पालाश पोत्यातून विकत घेतो, आणि भारत आपलं पोटॅश जवळजवळ सगळं आयात करतो.

म्हणून कारखान्याला एकच विचारा: गेल्या हंगामातली किती टन राख आणि किती टन प्रेसमड सभासदांच्या शेतात पोचला? हा आकडा वार्षिक अहवालात छापलेला असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

डिस्टिलरी सुरू झाल्यापासून शेजारच्या विहिरीचं पाणी तांबूस झालंय. कारखाना म्हणतो, आमचं सांडपाणी म्हणजे खतच आहे.
*— एक शेतकरी, श्रीगोंदा तालुका*

आधी ते पाणी पिणं थांबवा, जनावरांनाही देऊ नका.

मोलॅसिसपासून एक लिटर अल्कोहोल काढताना ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, निघतो. त्यात पालाश भरपूर असतं, सेंद्रिय पदार्थही असतात, त्यामुळे ‘खत’ हा दावा अगदीच खोटा नाही. पण तोच द्रव अस्तर नसलेल्या तळ्यात साठला किंवा एकाच रानात बेसुमार सोडला, की क्षार खाली झिरपतात आणि भूजल नासतं. आता बरेच कारखाने स्पेंट वॉश आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात. त्या राखेपासून किमान १४.५ टक्के पालाश असलेलं खत बनतं आणि ते खत नियंत्रण आदेशातही मान्य आहे. पदार्थ तोच, पण तो कुठे आणि किती प्रमाणात जातो यावर सगळं अवलंबून.

तुमच्या विहिरीचं पाणी तपासून घ्या: विद्युत वाहकता (क्षार किती ते कळतं), पोटॅशियम आणि सीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचं माप). सोबत डिस्टिलरीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका विहिरीचाही नमुना द्या, म्हणजे तुलना करता येईल. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी तक्रार करून पोच घ्या. कारखान्याला दिलेल्या संमतीपत्राची प्रतही मागा. स्पेंट वॉशचं काय करायचं, हे त्यात अटींसकट लिहिलेलं असतं.

लग्नात बगॅसच्या ताटल्या वापरल्या. प्लॅस्टिकपेक्षा बऱ्या ना?
*— पुणे*

थर्माकोलपेक्षा नक्कीच बऱ्या. मात्र वरून प्लॅस्टिकचा थर नाही, तेल-पाणी न शोषण्यासाठी फ्लोरिनयुक्त रसायनं वापरलेली नाहीत, याची विक्रेत्याकडून खात्री करा. त्या कंपोस्टमध्ये गेल्या तरच उपयोग. स्टीलची ताटं भाड्याने मिळत असतील तर तीच घ्या.

इथेनॉल हे टाकाऊतून तयार होणारं इंधन आहे, मग पर्यावरणवाले त्याला विरोध का करतात?
*— निवृत्त शिक्षक, पंढरपूर*

सर, सगळं इथेनॉल टाकाऊतून होत नाही, घोळ तिथेच आहे. साखर काढून झाल्यावर उरलेल्या शेवटच्या मोलॅसिसपासून ते केलं, तर ऊस मुळात साखरेसाठीच लावलेला असतो. थेट उसाच्या रसापासून केलं, तर ऊसच इंधनासाठी लावल्यासारखं होतं आणि त्याचं सगळं पाणी इथेनॉलच्या खात्यावर पडतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी धरलं आहे. उजनीच्या लाभक्षेत्रात राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस आणि उसाची स्थिती बघून केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं आणली, तेव्हा हे इंधन पावसावर किती अवलंबून आहे ते दिसलंच.

मला मोठी चिंता वेगळी वाटते. उपपदार्थांना चांगला भाव मिळू लागला की मूळ पीक बदलणं अवघड होतं. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग गावात एका कारखान्याची वाफ, राख, पाणी दुसरा वापरतो. चक्रीय उद्योगाचा दाखला म्हणून जगभर त्याचंच नाव घेतात. पण त्या जाळ्याच्या मधोमध कितीतरी वर्षं कोळशावरचं वीजकेंद्र होतं. ते लाकडाच्या चिपांवर गेलं २०१९ च्या अखेरीस. आपल्याकडे वीज, इथेनॉल, बायोगॅस या साऱ्यांची गुंतवणूक उसावर उभी राहिली, की दुष्काळी तालुक्यातही ऊस कमी करा असं म्हणायला कोणी धजणार नाही. ठिबक केलं आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर धरणात पाणी उरत नाही. म्हणून इथेनॉलला माझा विरोध नाही. पाण्याचा कोटा आधी आणि डिस्टिलरीचा परवाना नंतर, एवढा क्रम पाळावा.

पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळलं की खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा येणारा ऊस) जोमात फुटतो, असं घरची मोठी माणसं सांगतात. आता पाचटाच्या गाठी बांधून विकत नेणारेही येतात. ठेवू, जाळू की विकू?
*— तरुण शेतकरी, शिरोळ*

ठेवा. वरची सगळी चर्चा शेवटी तुमच्या सरीतच येऊन पोचते. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. ते जाळलं की त्यातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र बहुतेक सगळा धुरात जातो. काळी पडलेली जमीन लवकर तापते, कोंब एकसारखे दिसतात, म्हणून जोम वाटतो. पण शिरोळमध्ये क्षारपड वाढत असताना सेंद्रिय कर्ब घालवणं परवडणारं नाही. अर्थात पाचटाने क्षारपड सुधारणार नाही, त्याला निचराच लागतो.

तोडणी झाली की बुडखे जमिनीलगत छाटा. पाचट सरीत बसवा, जमल्यास कुट्टी करा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाकून पाणी द्या. खोडव्याची खतं पहारीने बुडख्याजवळ द्या. पाचट ओल धरून ठेवतं, तणही कमी येतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्यांमधलं अंतर वाढवता येतं.

विकायचंच असेल, तर भाव ठरवताना त्यातल्या अन्नद्रव्यांची किंमत धरा. शिवाय गाठी बांधणारं यंत्र ओल्या रानात फिरलं तर जमीन दबते, तेही लक्षात घ्या. एक अपवाद मात्र आहे. लागणीत काणी किंवा गवताळ वाढ हे उसाचे रोग जास्त दिसले असतील, तर तिथे खोडवाच ठेवू नका. रोगट बेटं मुळासकट काढून नष्ट करा आणि पुढच्या लागणीला बेणं निरोगी मळ्यातून आणा.