टेट्रिसमध्ये स्कोअर नेमका कशानं वाढतो? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या वेळी जुन्या गेमबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या आणि तुमचे एवढे प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर एकाच गेमला द्यायचं ठरवलं. गेम म्हणजे गेम बॉयवरचं टेट्रिस, १९८९ सालचं, हिरवट स्क्रीनवालं. नंतर टेट्रिसच्या कितीतरी आवृत्त्या आल्या आणि त्यांचे नियम बरेच वेगळे आहेत, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते फक्त या जुन्या आवृत्तीबद्दल आहे हे आधीच सांगते, नाहीतर मोबाईलवर करून बघाल आणि म्हणाल की ताईंनी चुकीचं सांगितलं.

प्रश्न : ताई, मी ए-टाइप, म्हणजे आउट होईपर्यंत चालणारा खेळ, लेव्हल ० पासून खेळते. १०० ओळी होतात कधीकधी, पण स्कोअर २५-३० हजाराच्या पुढे जातच नाही. माझी मैत्रीण तेवढ्याच ओळींत दीड लाख करते. ती काही चीट वगैरे वापरते का?

अजिबात नाही, ती फक्त चार-चार ओळी एकदम फोडते. या गेममध्ये किती ओळी गेल्या याला फारशी किंमत नाही, एका फटक्यात किती गेल्या याला आहे. लेव्हल ० ला एक ओळ फोडली तर ४०, दोन एकदम फोडल्या तर १००, तीनला ३०० आणि चारला थेट १२००. आता हेच दर ओळीमागे बघ, एकेक फोडलीस तर ओळीला ४०, जोडीनं ५०, तिनात १०० आणि चौकडीत ३००. म्हणजे तीच ओळ, तेवढेच ठोकळे, पण साडेसातपट पॉइंट. आणि हे आकडे लेव्हल अधिक एक यानं गुणले जातात, लेव्हल ० ला एकनं, लेव्हल ९ ला दहानं.

तुझा हिशोब मी मांडून बघितला. लेव्हल ० पासून १०० ओळी एकेक करून फोडल्या तर २२ हजार होतात, सगळ्या जोडीनं फोडल्या तर साडेसत्तावीस हजार, म्हणजे तू नेमकी तिथेच आहेस. आणि त्याच १०० ओळी सगळ्या चौकडीनं गेल्या तर साधारण १ लाख ६५ हजार. मैत्रीण तिथे आहे. मला तर वाटतं तुझा हात तिच्याइतकाच चांगला असेल, कारण १०० ओळी टिकून राहणं सोपं नसतं, फक्त तू ओळ दिसली की लगेच फोडतेस आणि ती थांबते. नावातच आहे बघ ते, टेट्रा म्हणजे ग्रीकमध्ये चार, सातही ठोकळे चार-चार चौकोनांचे, आणि चार ओळी एकदम गेल्या की त्यालाच टेट्रिस म्हणतात. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी हा गेम बनवला तेव्हापासून तो चाराभोवतीच फिरतोय.

प्रश्न : मग सुरुवात कुठल्या लेव्हलपासून करावी? ९ निवडली की मी दोन मिनिटांत आउट होतो.

स्कोअरच हवा असेल तर उत्तर ९ च आहे, आणि कारण ऐका. दर दहा ओळींना लेव्हल वाढते खरी, पण ९ पासून सुरू केलं की १०० ओळी होईपर्यंत लेव्हल ९ च राहते. म्हणजे पहिल्या ओळीपासून सगळं दहापट. एक चौकडी १२ हजारांची. १०० ओळींत अशा २५ चौकड्या बसतात, म्हणजे ३ लाख, आणि तेवढ्या ओळींत वेग एकदाही वाढत नाही. लेव्हल ० वाला तोपर्यंत १ लाख ६५ हजारावर असतो, तेही सगळं बिनचूक खेळला तर.

पण दोन मिनिटांत आउट होताय यात तुमची काही चूक नाही, ९ चा वेग खरंच अंगावर येतो. लेव्हल ० ला ठोकळा वरून खाली यायला जवळजवळ १६ सेकंद लागतात, लेव्हल ८ ला पाच आणि लेव्हल ९ ला सव्वातीन. ८ आणि ९ मधली ही उडी मोठी आहे, त्यामुळे ८ जमलं म्हणजे ९ जमेलच असं नाही. माझा सल्ला असा की आठवडाभर ५ किंवा ६ वर खेळा आणि तिथे स्कोअरकडे बघूच नका, फक्त एक नियम पाळा, चौकडीशिवाय ओळ फोडायची नाही. थर बांधायची सवय लागली की मग ९ वर जा. ९ जमलं की १०, ११, १२ तेवढे भयानक वाटत नाहीत, तिथे वेग अगदी थोडाथोडा वाढतो.

प्रश्न : चौकडीसाठी एक बाजू मोकळी ठेवतो, पण लांब दांडी, म्हणजे चार चौकोनांचा सरळ ठोकळा, येतच नाही हो! थर वर चढत जातो आणि मग सगळा खेळ खलास. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि खरं सांगायचं तर इथेच खेळाडू घडतो की बिघडतो.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. हल्लीच्या टेट्रिसमध्ये सात ठोकळ्यांची पिशवी असते, म्हणजे सातही प्रकार एकेकदा आले की मगच नवी फेरी सुरू होते, त्यामुळे दांडी फार लांबत नाही. जुन्या गेम बॉयवर असं काही नाही. दांडी लागोपाठ दोनदा येईल आणि मग वीस-पंचवीस ठोकळे तोंडही दाखवणार नाही, असं होतंच. ठोकळा बाजूला राखून ठेवायची सोयही नाही. म्हणून दांडी येईल या भरवशावर खेळायचं नाही, ती नाही आली तरी जिवंत राहू असा थर बांधायचा.

मैदान १० कॉलम रुंद आणि १८ ओळी उंच आहे. मी थर नऊ-दहा ओळींवर गेला की थांबते आणि खाली उतरवायला लागते, दांडीची वाट न बघता. दोन ओळी फोडाव्या लागल्या तर फोडायच्या, तो तोटा नाही, त्यानं पुढच्या चौकड्या वाचतात. त्यातही एक हिकमत आहे, मोकळी फट डावीकडे असेल तर शेजारचा कॉलम फटीच्या तळापासून दोनच घरं उंच आणि बाकी सगळे निदान तीन घरं असे ठेवा, मग उलटा एल, म्हणजे इंग्रजी ‘जे’ आकाराचा ठोकळा, फटीत उभा सोडला की त्याचं वरचं टोक शेजारच्या घरात बसतं आणि तीन ओळी एकदम जातात. लेव्हल ९ ला त्याचे ३ हजार मिळतात. चौकडीच्या पाव पटच आहे पण एकेक फोडण्यापेक्षा कितीतरी बरं. फट उजवीकडे असेल तर हेच काम साधा एल करतो.

फट कुठल्या बाजूला ठेवावी यावर लोक वाद घालतात. मी डावीच सांगेन. या आवृत्तीत दांडी उभी केली की ती मधल्या दोन कॉलमपैकी डावीकडच्या कॉलममध्ये येते, म्हणजे डाव्या भिंतीपर्यंत चार टॅप आणि उजव्या भिंतीपर्यंत पाच. वरच्या लेव्हलला हा एक टॅप जीव वाचवतो. आणि थर फटीच्या विरुद्ध बाजूला थोडा उंच, फटीकडे थोडा उतरता ठेवा, म्हणजे फटीजवळ चुकून उंचवटा होत नाही.

प्रश्न : ताई, मी आठवीत आहे. माझ्या थरात सारखी भोकं पडतात, जास्त करून एस आणि झेडमुळे. ते ठोकळे वाईटच आहेत ना?

वाईट नाहीत रे, त्यांना पायरी लागते एवढंच. बघ, सपाट जमिनीवर एस आडवा ठेवलास की त्याच्या एका टोकाखाली भोक पडणारच, उभा ठेवलास तरी पडणार. पण जिथे डावीकडचा कॉलम उजव्यापेक्षा एक घर उंच आहे तिथे एस उभा घाल, बरोब्बर बसतो. उजवीकडचा एक घर उंच असेल तिथे झेड उभा. म्हणून थर अगदी गुळगुळीत करायचा हट्ट सोड, एक-एक घराच्या छोट्या पायऱ्या दोन्ही दिशांच्या असू देत आणि चौकोनासाठी कुठेतरी दोन घरं सपाट असू देत. दोन घरांपेक्षा खोल खड्डा मात्र फटीशिवाय दुसरीकडे नको, कारण तीन घरं खोल झाला की तो नीट बुजवायला दांडीच लागते आणि दांडी आपल्याला फटीत हवीय.

भोक पडलंच तर घाबरून त्याच्यावर अजून ठोकळे टाकू नकोस. त्याच्या डोक्यावर जी ओळ आहे ती फोडली की भोक उघडं पडतं. या गेममध्ये ओळ गेली की वरचा सगळा थर जसाच्या तसा खाली सरकतो, सुटे चौकोन घरंगळून भोकात पडत नाहीत, त्यामुळे भोक आपोआप बुजेल अशी आशा ठेवायची नाही. आणि पुढचा ठोकळा कोपऱ्यात दिसतो ना, हातातला टाकण्याआधी तिकडे बघायची सवय लाव. मला ही सवय लागायला बराच वेळ लागला पण त्यानंतर माझा खेळ खरोखर बदलला. सिलेक्ट बटण दाबलं तर ती खिडकी गायब होते, चुकून दाबलं गेलं असेल तर परत दाब.

प्रश्न : वरच्या लेव्हलला ठोकळा भिंतीपर्यंत पोचायच्या आतच खाली बसतो. बटण दाबूनच ठेवलेलं असतं तरी.

दाबून ठेवता तिथेच गडबड आहे. बटण दाबून धरलं की ठोकळा एक घर सरकतो, मग साधारण ०.४ सेकंद नुसता थांबतो आणि त्यानंतर सेकंदाला सहा-सात घरं एवढ्याच चालीनं जातो. लेव्हल २० ला, जी इथली शेवटची, ठोकळा एका सेकंदाच्या आत तळाला जातो. म्हणजे तुम्ही वाट बघताय तोवर त्याचा अर्धा प्रवास संपलेला असतो. त्यामुळे टॅप टॅप टॅप असंच सरकवायचं, घरं मोजून.

दुसरं, आधी फिरवा मग सरकवा. भिंतीला चिकटल्यावर फिरवायला गेलात आणि जागा नसली तर ठोकळा फिरतच नाही, नवीन आवृत्त्यांसारखा तो बाजूला सरकून जागा करून घेत नाही. फिरवायला दोन बटणं आहेत, दोन्ही वापरा, एकाच बटणानं तीनदा फिरवत बसण्यापेक्षा दुसऱ्यानं एकदा होतं. आणि ओळी फुटताना खेळ साधारण दीड सेकंद थांबतो, ते लुकलुकणं बघत बसू नका, तो वेळ थर वाचायला आणि पुढचं ठरवायला फुकट मिळालेला असतो. पॉज करून विचार करायचा बेत असेल तर तो चालत नाही, पॉज केलं की थर झाकला जातो.

ठोकळ्याची जागा नक्की झाली की खालचं बटण दाबून सोडा, सलग जितक्या ओळी खाली आणाल तितके पॉइंट मिळतात, ओळीला एक. लेव्हल ९ च्या चौकडीपुढे ही चिल्लर आहे, त्यामागे लागून ठोकळा चुकीचा बसवू नका.

प्रश्न : रॉकेट कधी उडतं? आणि स्कोअर जास्तीत जास्त किती होतो?

ए-टाइपमध्ये १ लाखाला छोटं रॉकेट, दीड लाखाला त्याहून मोठं आणि २ लाखाला सगळ्यात मोठं. बी-टाइपमध्ये, जिथे आधीच भरलेल्या कचऱ्यातून २५ ओळी काढायच्या असतात, लेव्हल ९ आणि उंची ५ जिंकलात तर नाचणारे लोक येतात आणि स्पेस शटल उडतं. ते एकदा तरी बघाच. ज्यांना ९ पण हळू वाटायला लागलंय त्यांनी सुरुवातीच्या स्क्रीनवर खालचं बटण दाबून धरून स्टार्ट दाबावं, मग लेव्हलपाशी बदाम दिसतो आणि वेग दहा लेव्हल पुढचा मिळतो.

स्कोअरचा काटा ९,९९,९९९ ला थांबतो. लेव्हल ९ पासून सुरू करून सगळ्या चौकड्याच केल्या तरी तिथे पोचायला जवळजवळ २४० ओळी लागतात, आणि त्यातल्या शेवटच्या चाळीसेक ओळी लेव्हल २० च्या वेगानं. मी अजून तिथे पोचलेली नाही, पोचायचंय मात्र नक्की. आणि हो, या कार्ट्रिजमध्ये स्कोअर साठवायला बॅटरी नाही, स्विच बंद केला की यादी पुसली जाते, तेव्हा चांगला स्कोअर झाला की बंद करायच्या आधी फोटो काढून ठेवा आणि आम्हालाही पाठवा.