अस्वलांच्या भागात बॅकपॅकिंग करताना खाणं झाडाला टांगून ठेवलं तर चालतं का?

टांगू नका. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तर ते बेकायदाच आहे.

तुम्ही लिहिलंय की जुलैत मुलाकडे कॅलिफोर्नियाला जाणार, दोघं मिळून योसेमिटीत पाच दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणार, आणि तिथं खाण्यासाठी एक जड डबा वाहायला लावतात तो टाळता येईल का. पिशवी दोरीनं फांदीला बांधली तर काय बिघडलं, 'आपल्याकडे सगळे तसंच करतात'. या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. मी साताऱ्याची, कोयनेच्या खोऱ्यात अर्धं आयुष्य फिरलेली. आपल्याकडे सगळे काय करतात ते मला चांगलं माहीत आहे.

आधी नियम सांगून टाकते. योसेमिटीच्या रानात मुक्काम करायचा तर परवाना लागतो आणि खाणं अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यातच ठेवावं लागतं. चिवट कापडाच्या पिशव्या मिळतात, त्याही तिथं चालत नाहीत. नियम मोडला तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हे कोणाच्या लहरीनं झालेलं नाही. तिथली काळी अस्वलं टांगलेल्या पिशव्या उतरवायला केव्हाच शिकली. दोरी तोडायची, फांदी मोडायची, फांदी बारीक असेल तर पिल्लाला वर धाडायचं. १९९८ साली एका वर्षात अस्वलांनी नुकसान केल्याच्या दीड हजारांहून जास्त घटना तिथं नोंदल्या गेल्या. गाडीत खाण्याचा वास आला की दाराची चौकट वाकवून आत शिरायची. पुढं डब्यांची सक्ती वाढली, तळांवर लोखंडी पेट्या बसल्या, लोकांना बजावून सांगायला माणसं नेमली, तेव्हा कुठं आकडा खाली आला. तोवर माणसाच्या खाण्याची चटक लागलेली कित्येक अस्वलं मारावी लागली होती. तुमचं खाणं गेलं तर तुम्ही एक दिवस उपाशी राहाल आणि परत फिराल. अस्वल परत फिरत नाही, ते पुढच्या तंबूकडे जातं.

आता आपल्याकडचं. कोयना अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं आणि २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघासाठी नाव झालं, पण त्या रानातल्या वाड्यांना खरी धास्ती असते ती अस्वलाची. मुक्कामांवर इतकी बंधनं नव्हती तेव्हाची ही गोष्ट. साताऱ्याहून आमचा एक ग्रुप बामणोलीला लाँचमध्ये बसून पलीकडं गेला. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या त्या अंगाला एका वाडीतल्या देवळात मुक्काम ठरला. दिवस थंडीचे. ग्रुपमधले एक ज्येष्ठ गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणत, ते सांगतील ती पूर्व दिशा.

रात्री पिठलं-भात बराच उरला. काकांनी पातेलं उचललं आणि देवळामागं नेऊन ओतलं. 'मुक्या जनावराच्या मुखी लागेल, पुण्यच आहे.' मी म्हटलं, काका, इथं मुकं जनावर म्हणजे अस्वल. ते हसले. उरलेला शिधा एका सॅकमध्ये भरला: गूळ, शेंगदाणे, भाजणी, आणि दुसऱ्या दिवशी देवाला नैवेद्य म्हणून आणलेले कंदी पेढ्यांचे दोन पुडे. शेजारच्या घरातल्या मावशींनी आपणहून सांगितलं होतं, आमच्या माजघरात ठेवा, दाराला कडी आहे. मीही तेच म्हणत होते. पण काकांनी देवळासमोरच्या जांभळीच्या फांदीवरून दोरी टाकली, सॅक हाताला लागणार नाही इतकी वर ओढली आणि दोरीचं टोक बुंध्याला बांधलं. 'वर टांगलं की विषय संपला. आम्ही तीस वर्षं हेच करतो.'

मध्यरात्रीनंतर वाडीतली कुत्री एकदम पेटली. मग देवळामागून फूं-फूं असा आवाज येऊ लागला, भाता चालवावा तसा. आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, तो आवाज रात्री लांबवर जातो. आमच्या काकांचं पुण्य ते संपवत होतं. थोड्या वेळानं खोडावर नखं घासल्याचा आवाज आला, फांदी कडाडली आणि सॅक धप्पकन खाली. बॅटरी मारली तर दहाबारा पावलांवर ते बसलेलं, छातीवर पांढरा पट्टा, तोंड सॅकमध्ये. सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा. आम्ही बायका-मुलं गाभाऱ्यात शिरून दार लोटून घेतलं. कोणीतरी ताट बडवलं तसं ते उठून चार पावलं आमच्याच दिशेनं आलं. वाडीतली माणसं चुडी पेटवून ओरडत धावली म्हणून ते ओढ्याकडं वळलं. कोणाला ओरखडा आला नाही. ती वाडीची कृपा.

सकाळी मावशी देवळात आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, 'ताई, तुम्ही आज लाँचीत बसून जाल. माझी सून पहाटं त्याच ओढ्यावर पाण्याला जाती. तिनं आता काय करायचं?' माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि काका सॅकचे बंद गोळा करत होते.

शिमग्याच्या सुमारास मी मुद्दाम परत गेले. ते अस्वल देवळामागं रात्री पुन्हा पुन्हा येऊन गेलं होतं. बायकांनी एकटीदुकटीनं ओढ्यावर जाणं सोडलं होतं, उजाडेपर्यंत थांबायच्या, त्यानं रानातल्या कामाला उशीर व्हायचा. आमच्या एका पातेल्यानं हे झालं.

काका आजतागायत म्हणतात की अस्वल उंबरासाठी आलं होतं, आमचा काही संबंध नाही. ग्रुपच्या प्रत्येक गेट-टुगेदरला हे ऐकते. तर आज इथं लिहूनच ठेवते. उंबर ओढ्याच्या पलीकडं होता. नखांचे ओरखडे जांभळीवर होते, आणि जांभळीला ऐन थंडीत फळ नसतं. त्या झाडावर अस्वलानं चढावं असं एकच कारण तिथं लटकत होतं. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं की अस्वल त्यांना नवीन नाही, पण देवळापर्यंत ते त्याआधी आलेलं नव्हतं. पुण्य हवं असेल तर पातेलं धुवून उरलेलं अन्न परत साताऱ्याला न्यावं. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर माकडं बायकांच्या हातातल्या पिशव्या ओढतात तीही अशाच पुण्याची फळं. माकड पिशवी ओढून थांबतं. अस्वल बिथरलं तर तोंड फोडून ठेवतं. कंदाटी खोऱ्यात अशी माणसं मी पाहिली आहेत.

तुमच्या ट्रेकबद्दल. मुलीबरोबर योसेमिटीत गेले तेव्हा डबा मीच वाहिला, तोही साठीला टेकलेली असताना. सव्वा किलोच्या आसपास वजन असतं, त्याची काय भीती बाळगायची? विकत घेऊन इथून नेऊ नका, परवाना घेता तिथंच भाड्यानं मिळतो. खरी अडचण जागेची. सगळी खोकी-पाकिटं घरीच काढून टाका, पिठं आणि पोहे पातळ पिशव्यांत हवा काढून दाबून भरा. चिवडा नेऊ नका, निम्मी जागा तोच खातो. शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट, दशम्या, सातूचं पीठ हे कमी जागेत पोटाला आधार देतात. एका डब्यात एका माणसाचं चार-पाच दिवसांचं बसतं, तेही नीट रचलं तर. म्हणजे तुम्हा दोघांना दोन डबे. पहिल्या दिवशी दुपारी खायचं ते बाहेर ठेवलं तरी चालेल, फक्त रात्र पडायच्या आत संपवा. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, ओठांचं मलम, कचऱ्याची पिशवी, सगळं डब्यातच. झाकण नीट लावा, अर्धवट लावलेला डबा म्हणजे उघडा डबा. रात्री तो तंबूपासून तीसएक मीटर लांब सपाटीवर ठेवा. कड्याजवळ किंवा पाण्याकाठी नको, अस्वल ढकलत ढकलत नेतं. त्याला दोरी-बिरी बांधू नका, पकडायला आयतं मिळतं. मिरचीचा फवारा घेऊन जायचा विचार असेल तर सोडा, योसेमिटीत त्याला बंदी आहे.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. टांगणं सगळीकडंच बेकायदा नाही. यलोस्टोनमध्ये रानातल्या तळांवर खाणं टांगायला आडवे खांबच उभारलेले आहेत. त्यामुळं दुसऱ्या उद्यानात गेलात तर तिथला नियम वाचा, माझा नको. डबाही म्हणजे कवच नव्हे. न्यूयॉर्कच्या ॲडिरोंडॅक डोंगरात एका मादीनं एका जातीच्या डब्याचं झाकण उघडायची युक्ती शोधली होती.

दुसरं, तिथलं काळं अस्वल आणि आपलं अस्वल एक समजू नका. योसेमिटीत अस्वल तळाशी आलं तर एकत्र उभं राहून मोठ्यानं ओरडायचं, बहुतेक वेळा ते निघून जातं. मात्र त्यानं खाणं पकडलं असेल तर ते हिसकायला जायचं नाही. आपलं अस्वल सहसा माणसाच्या खाण्याच्या मागं नसतं. वाळवी, मध, करवंदं हेच त्याचं अन्न, आणि माणूस अचानक समोर आला की ते बिथरून अंगावर येतं. म्हणून आपल्या रानात बोलत, काठी आपटत चालायचं आणि दिसलंच तर गप्प मागं सरायचं. जायच्या आधी सराव करायचा असेल तर वासोट्याला जा. परवाना बामणोलीला मिळतो, मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत परतावं लागतं. पाठीवर पूर्ण वजन घेऊन चढा, आणि उरलेली भाकरी वर टाकून येऊ नका.