माणसे, मुदती आणि नफा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नेतृत्वाची जबाबदारी सांभाळताना सहकाऱ्यांच्या गरजा आणि व्यवसायाची उद्दिष्टे यांचा मेळ कसा घालावा, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : एक मोठे काम ठरलेल्या तारखेला पूर्ण करण्यासाठी माझी टीम तीन महिन्यांपासून रोज उशिरापर्यंत थांबते आहे. चिडचिड वाढली आहे, आजारपणाच्या रजाही वाढल्या आहेत. मी माणसांकडे पाहावे की मुदतीकडे?

उत्तर : जितके तास जास्त तितके काम जास्त, असे तुम्ही गृहीत धरले आहे आणि अडचण तिथूनच सुरू होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील दारूगोळा कारखान्यांत ठेवल्या गेलेल्या नोंदींचा अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कॅव्हेल यांनी अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या विश्लेषणानुसार आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते, पुढे वाढीचा वेग मंदावत गेला आणि ७० तासांत झालेले उत्पादन ५६ तासांतील उत्पादनापेक्षा फारसे वेगळे नव्हते. मोजता येणाऱ्या कामाची ही स्थिती असेल, तर विचार करून निर्णय घेण्याच्या कामात थकव्याची किंमत अधिकच असणार, असे मला वाटते. कारण तिथे झालेली चूक त्याच दिवशी दिसत नाही, ती काही आठवड्यांनी दुरुस्तीचे नवे काम होऊन परत येते.

तुम्हाला हलवता येण्याजोग्या गोष्टी तीनच आहेत : कामाची व्याप्ती, तारीख आणि मनुष्यबळ. त्यांपैकी मनुष्यबळाचा मार्ग या टप्प्यावर बहुधा उपयोगी पडणार नाही. रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी रखडतो, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच मांडले होते. नव्यांना काम समजावून देण्याचा भार आधीच दमलेल्या जुन्यांवर पडतो. म्हणून व्याप्ती आणि तारीख यांचा हिशेब लेखी मांडा : ग्राहकाला पहिल्या दिवशी नेमके काय हवे आहे, कोणता भाग नंतर दिला तरी चालेल आणि सध्याची तारीख तशीच ठेवली तर कोणत्या तपासण्या वगळाव्या लागतील. ‘टीम थकली आहे’ हे वरिष्ठांना तक्रारीसारखे ऐकू येते, तर ‘ही तपासणी न करता काम द्यावे का?’ या प्रश्नाला त्यांना उत्तर द्यावेच लागते. इतके करूनही जादा तास टळत नसतील, तर ते कोणत्या तारखेला थांबतील आणि बदली रजा कधी मिळेल हे आधी जाहीर करा आणि त्या तारखेला ते खरोखर थांबवा.

प्रश्न : आमच्या कंपनीचे उत्पन्न घटल्यामुळे काही महिने पगारकपात अटळ आहे. माझ्या भागीदाराचे म्हणणे असे की, शेवटच्या दिवसापर्यंत कोणालाही काही सांगू नये, नाहीतर चांगली माणसे आधीच निघून जातील. त्याचे म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : त्यांची भीती निराधार नाही, पण त्यांनी सुचवलेला उपाय उलट परिणाम करणारा आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये याविषयी एक बोलका अभ्यास प्रसिद्ध केला. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली. एका ठिकाणी कपातीची कारणे आकडेवारीसह, खेद व्यक्त करून आणि प्रश्नांना पुरेसा वेळ देऊन समजावण्यात आली, तर दुसऱ्या ठिकाणी निर्णय केवळ थोडक्यात कळवण्यात आला. दोन्हीकडे कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या चोऱ्या वाढल्या. मात्र जिथे नीट सांगितले गेले तिथे त्यांचे प्रमाण स्पष्टपणे कमी राहिले आणि नोकरी सोडून जाणारेही दुसऱ्या कारखान्याच्या तुलनेत फारच थोडे होते. कपात दोन्हीकडे सारखीच होती, हे तुमच्या भागीदारांना आवर्जून सांगा.

सर्वांना एकाच दिवशी आणि स्वतः मालकांनी सांगावे. हे काम एचआर विभागाच्या ईमेलवर सोपवू नये. कपात किती, किती काळ आणि उत्पन्न कोणत्या पातळीवर आले की पगार पूर्ववत होईल, या तिन्ही गोष्टी स्पष्ट असाव्यात. कमी पगार असलेल्यांवर कमी आणि मालकांवर सर्वाधिक भार पडेल अशी चढती कपात अधिक न्याय्य ठरते. (त्याच तिमाहीत कार्यालयाच्या नूतनीकरणाचा विचार असेल तर तो पुढे ढकला, लोक भाषणापेक्षा खर्च अधिक बारकाईने पाहतात.) नोकरकपात होणारच नाही अशी खात्री नसेल, तर तसा शब्द देऊ नका. शिवाय नोकरीच्या करारात आणि लागू कायद्यात अशा कपातीसाठी संमती किंवा पूर्वसूचना आवश्यक आहे का, हे घोषणेपूर्वीच तपासून घ्यावे लागेल.

प्रश्न : माझ्या विभागातील सर्वाधिक विक्री करणारा सहकारी कनिष्ठांचा बैठकीत सर्वांसमोर अपमान करतो. त्याला दुखावले तर विभागाचे टार्गेट हुकेल. काय करावे?

उत्तर : त्याने आणलेली विक्री अहवालात दिसते, त्याच्यामुळे गमावलेले काही दिसत नाही, म्हणून तो तुम्हाला स्वस्त वाटतो आहे. व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या पथकांत चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका उघडपणे बोलल्या जात होत्या, हे त्याचे स्पष्टीकरण होते. तुमच्या विभागात याच्या उलट घडत असण्याची शक्यता मोठी आहे : नाराज ग्राहक, चुकलेला दर, पाळता न येणारे आश्वासन यांविषयी कनिष्ठ मंडळी अपमानाच्या भीतीने गप्प बसत असतील.

त्याच्याशी एकांतात बोला, पण स्वभावाविषयी नव्हे. अमुक बैठकीत तो अमुक वाक्य बोलला आणि ते पुन्हा चालणार नाही, इतके नेमके बोला. वार्षिक मूल्यमापनात आणि प्रोत्साहन रकमेत वर्तनाला खरोखर वजन द्या, कारण आजवर तुम्ही केवळ विक्रीसाठीच पैसे मोजत आला आहात आणि तो अगदी तेच देतो आहे. त्याचबरोबर त्याचे मोठे ग्राहक दुसऱ्या कोणाच्या तरी परिचयाचे करून ठेवा. ते झाले नाही, तर सुधारणेची तुमची मागणी त्याला पोकळ वाटेल आणि त्याचे तसे वाटणे चुकीचेही नसेल.

प्रश्न : आईच्या आजारपणामुळे एका सहकाऱ्याला मी कामाचे तास कमी करून दिले. आता इतरांना हा पक्षपात वाटतो.

उत्तर : सवलत योग्यच आहे, नाराजी बहुधा दुसऱ्याच कारणाची असावी. त्याचे उरलेले काम कोणी करायचे हे तुम्ही ठरवले नसेल, तर ते आपोआप शेजारच्या टेबलावर गेले असणार. ते काम मोजा आणि त्यातील काही पुढे ढकला, काही रद्द करा, उरलेले वाटून देताना ज्यांच्याकडे जाईल त्यांचे दुसरे काही कमी करा. अशी सवलत कोणत्या परिस्थितीत, किती काळ आणि कोणाकडे मागता येते याचा साधा नियम लिहून सर्वांना कळवा. त्या सहकाऱ्याच्या घरची माहिती मात्र त्याच्या परवानगीशिवाय इतरांना देऊ नका. नियम सर्वांसाठी खुला असेल, तर तिची गरजही पडणार नाही.