गिरणीमागच्या मोकळ्या जागेबद्दल

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. बंद पडलेल्या गिरणीमागच्या वस्तीत पाचशे झाडं, चालायला ट्रॅक, मधोमध कारंजं. तुझी तळमळ ओळीओळीत दिसते, म्हणूनच मोकळेपणाने लिहितो.

सुरुवातीला अमेरिकेतल्या डेट्रॉइट या मोटारींच्या कारखान्यांच्या शहराचा दाखला दिलास. तिथली लोकसंख्या 1950 मध्ये साडेअठरा लाख होती, 2020 मध्ये ती साडेसहा लाखांच्याही आत आली. आपल्याकडे तसं नाही. 1889 ची औरंगाबादची कापड गिरणी गेली, नांदेडची उस्मानशाही मिल गेली, पण ही शहरं वाढतच राहिली. ओस पडली ती गिरणीभोवतीची वस्ती. पोरं पुण्याला, चाकणला गेली, घरात म्हातारे उरले. तेव्हा तुझं काम शहराचं नाही, चार गल्ल्यांचं आहे. ते तेवढंच ठेव.

डेट्रॉइटपेक्षा अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहराचा अभ्यास नीट वाच. तिथे 541 पडीक प्लॉट घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. काहींवरचा कचरा काढून जमीन सारखी केली, गवत पेरलं, मोजकी झाडं लावली आणि आत जायला वाट ठेवून लाकडी बुटकं कुंपण घातलं. काहींवर फक्त सफाई केली. बाकीचे होते तसे ठेवले. 2018 मध्ये निष्कर्ष आले. हिरव्या केलेल्या प्लॉटभोवती, गरीब वस्त्यांत, गोळीबाराच्या घटना 29 टक्क्यांनी घटल्या. शेजारच्या लोकांची उदासीही बरीच कमी झाली. नुसत्या सफाईने मात्र मनःस्थितीत म्हणावा असा फरक पडला नाही. मला त्यातलं ते बुटकं कुंपण फार महत्त्वाचं वाटतं. त्यावरून माणूस सहज आत जातो, पण कचऱ्याची गाडी आत घालता येत नाही. शिवाय दर महिन्याला कुणीतरी येऊन गवत कापत होतं. या जागेला वाली आहे, हे लोकांना रोज दिसत होतं.

आता हे मराठवाड्यात आण. इथे लॉन नको. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा तू शाळेत असशील. त्या भागात कारंजं मागणं मला पटत नाही. कडुनिंब, करंज, वड असली आपल्या मातीतली झाडं घे, आणि पाचशे नको, चाळीस लाव. जुलैत फोटोला सगळे येतात. एप्रिल-मे मध्ये टँकर कोण सांगणार, पैसे कोण देणार, पाइप कुणाच्या नळाला लावणार, हे नावानिशी लिही. तुझ्या आराखड्यात यावर एक ओळही नाही, आणि झाडं जळतात ती पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांतच. देखभालीचं काम वस्तीतल्या बचत गटाला दे, आणि मजुरी देऊन दे. श्रमदानाचा उत्साह दिवाळीपर्यंत टिकतो.

भाजीपाल्याची कल्पना चांगली आहे, पण तिथे गिरणीच्या रंगखात्याचं पाणी वर्षानुवर्षं मुरलं आहे. आधी माती तपासून घे, शिसं आणि क्रोमियमसुद्धा बघायला सांग. तोवर बाहेरची माती आणून उंच वाफे कर.

आणखी एक धास्ती आहे. न्यूयॉर्कमध्ये मालगाड्यांच्या बंद पडलेल्या उन्नत मार्गावर 2009 मध्ये हाय लाइन बाग खुली झाली आणि आजूबाजूची घरं गरिबांच्या आवाक्याबाहेर गेली. तुझी बाग चांगली झाली तर भाडी वाढतील. भाड्याने राहणाऱ्या जुन्या कामगारांच्या विधवा मग कुठे जातील? याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. पण पहिल्या बैठकीला त्या बायांना बोलव आणि आधी त्यांना बोलू दे.

सवड काढून संभाजीनगरला खाम नदीवर जाऊन ये. 2021 पासून तिथे महापालिका आणि नागरिक मिळून काम करताहेत. अधिकाऱ्यांना नंतर भेट, सकाळी सफाई कामगारांबरोबर दोन तास थांब. कचरा परत कुठून येतो, ते त्यांना ठाऊक असतं.

आणि या आठवड्यात नगर भूमापन कार्यालयातून त्या जागेची मिळकत पत्रिका काढ. मालकी गिरणीची, सरकारची की कोर्टात अडकलेली, ते कळल्याशिवाय खड्डा खणू नकोस. पत्रिका हाती आली की मला पाठव, पुढचं आपण फोनवर बोलू.

तुझा,
काका