पैशाची आसक्ती सोडायची म्हणजे ख्रिस्ती माणसाने सगळं विकायचं का?

तुम्ही विचारलंय की घर, नोकरी, मुलांची शिक्षणं सांभाळून ख्रिस्ती माणसाला धनाची आसक्ती सोडता येते का, की शुभवर्तमानातल्या त्या श्रीमंत तरुणाला येशूने सांगितलं तसं सगळं विकावंच लागतं.

सगळ्यांनाच विकावं लागत नाही. पण हे ऐकून आपल्याला हायसं वाटतं ना, तिथेच जरा थांबा. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला तो माणूस लहानपणापासून आज्ञा पाळत आलेला होता. येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली आणि मग त्याच्यातली एक उणीव दाखवली: सगळं विकून गरिबांना दे. तो खिन्न होऊन निघून गेला.

संसारी माणसाने मात्र जक्कयाकडे बघावं असं मला मनापासून वाटतं. यरीहोचा हा मुख्य जकातदार. येशूने त्याला काही विकायला सांगितलंच नाही. तो आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो. हा दुसरा भाग आपण फार पटकन उरकतो. कामवाल्या मावशींचे थकलेले पैसे, बहिणीचा जमिनीतला हिस्सा, भाडेकरूची अडकवून ठेवलेली अनामत... हे आधी चुकतं करा. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाच्या कामाला देणं, त्यानंतर.

‘मन तयार झालं की देईन’ असं म्हणत बसू नका. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, जिथे तुझं धन तिथे तुझं मन. धन आधी जातं, मन त्याच्या मागून जातं. आमच्या घरी पगाराचा मेसेज आला की द्यायची रक्कम त्याच दिवशी वेगळी निघते. महिनाअखेरीस उरलेल्यातून द्यायचं म्हटलं तर काही उरतच नाही.

अठराव्या शतकातले इंग्लिश धर्मोपदेशक, मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी एका प्रवचनात सुरुवातीच्या काळातल्या एका मेथडिस्ट तरुणाचं उदाहरण दिलंय. तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असं मानतात. वर्षाला 30 पौंड मिळायचे तेव्हा तो 28 मध्ये भागवायचा आणि 2 द्यायचा. पुढच्या वर्षी 60 मिळाले, तरी खर्च 28 च. मग 90, मग 120. खर्च तोच, आणि चौथ्या वर्षी दान 92 पौंड! आज महागाई वाढते, 28 वर अडून राहता येणार नाही. पण पगार वाढला की राहणीमानही वाढलंच पाहिजे, ही सक्ती आपल्यावर कोणी केली?

‘द्या, देव शंभरपट परत करेल’ अशा प्रचारापासून लांब राहा. परताव्यासाठी दिलेलं दान आसक्तीच वाढवतं.

आणि दान घरच्यांना विचारून, त्यांची सोय बघून करा. तिसऱ्या शतकात इजिप्तच्या अंतोनीने, जो पुढे प्रसिद्ध ख्रिस्ती संन्यासी झाला, वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, बाकीचं विकून पैसा गरिबांना वाटला, पण तेव्हाही धाकट्या बहिणीसाठी थोडं मागे ठेवलं. पुढे तेही वाटलं, ते तिला विश्वासू, व्रतस्थ कुमारिकांच्या हवाली करून, तिची सोय लावल्यावर.