'दख्खनचा सापळा' नव्हे, दख्खनचा जिना

प्रश्न असा आहे : 'डेक्कन ट्रॅप'चं, म्हणजे दख्खनच्या पठारावरच्या लाव्हाच्या थरांना इंग्रजीत दिलेल्या नावाचं, भाषांतर एका लेखात 'दख्खनचा सापळा' असं वाचलं. ते बरोबर आहे का? नसेल तर या ट्रॅपला मराठीत काय म्हणायचं?

बरोबर नाही. या ट्रॅपचा सापळ्याशी अर्थाने काहीही संबंध नाही. स्वीडिश भाषेत 'ट्राप्पा' म्हणजे जिना. काळ्या, लाव्हापासून बनलेल्या खडकाचे डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, म्हणून 18व्या शतकात तिकडच्या अभ्यासकांनी त्या खडकाला हे नाव दिलं. ते इंग्रजीत गेलं आणि इंग्रजी अमलात आपल्या बेसाल्टला, म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळाला, लागलं. सायबेरियातल्या सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाथरांनाही ट्रॅपच म्हणतात. म्हणजे हा शब्द काही आपल्या दख्खनपुरता नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त जवळचं वाटतं, कारण सह्याद्रीत राहणाऱ्यांनी या पायरीला केव्हाच नाव दिलंय : पदर. खांडसहून भीमाशंकर चढताना पहिला कडा संपला की मध्येच एक सपाट, झाडीभरला टप्पा लागतो आणि त्याच्यामागे पुन्हा कडा उभा राहतो. तो टप्पा म्हणजे पदर. तिथल्या वाडीचं नाव पदरवाडी, शेजारचा किल्ला पदरगड. डोंगर भटकणारे 'पदरात पोचलो', 'पदरातलं रान' असं सहज बोलतात.

हा पदर होतो कसा? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. पश्चिमेकडे त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. प्रत्येक थराचा पोटातला भाग घट्ट, कठीण कातळ. वरचा भाग मात्र वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, म्हणून ठिसूळ. (त्याच पोकळ्यांत पुढे गारगोट्या आणि झिओलाइट या खनिजाचे स्फटिक तयार झाले.) पावसाने ठिसूळ भाग झिजून मागे सरतो, तिथे माती धरते, झाडं येतात. कठीण भाग उभ्या भेगांवर तुटून कोसळतो आणि कडा ताशीवच राहतो. कडा, पदर, कडा, पदर. हाच तो स्वीडिश जिना.

घडीच्या पोळीला पदर सुटतात असं आपण म्हणतो, तेव्हा पदर म्हणजे थर. इथे दोन्ही अर्थ एकाच डोंगरात लागू पडतात : लाव्हाचे थर हेही पदर आणि त्यांच्या झिजेतून झालेली सपाटी हाही पदर. 'ट्राप्पा'त फक्त पायरी आहे. ती कशामुळे झाली, ते आपल्या शब्दात आहे.

ओघात 'घाट'ही पाहू. मराठीत घाट म्हणजे डोंगररांग नव्हे, ती उतरायची वाट : नाणेघाट, बोरघाट. 'वेस्टर्न घाट्स' म्हणून हे नाव सबंध रांगेला युरोपीयांनी दिलं. आणि नदीच्या घाटाला पायऱ्या असतातच! खरं तर सह्याद्री ही हिमालयासारखी वळ्या पडून उचललेली रांग नाहीच, पठाराची तुटलेली आणि झिजत पूर्वेकडे सरकलेली कड आहे. म्हणून देशावरून गेलं की पुष्कळ ठिकाणी चढ न लागता एकदम कडाच समोर येतो, आणि कोकणातून तोच भिंतीसारखा दिसतो.

तेव्हा विशेषनाम म्हणून 'डेक्कन ट्रॅप' किंवा 'दक्षिण ट्रॅप' तसंच ठेवावं. भाषांतर करायचाच हट्ट असेल तर 'दख्खनचे सोपानथर' मला चालेल, 'सापळा' अजिबात नाही. आणि खडकाचं वर्णन करताना 'स्टेप' किंवा 'टेरेस' लिहिण्याआधी 'पदर' लिहून पाहा. पदरवाडीच्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.